वाढत्या अंगाचं

"वाढत्या अंगाचं शिवू ना?" पोराला पुढ्यात उभं करून आमचे शिंपीमामा विचारायचे आणि उत्तराची वाट न पाहता चार बोटं जास्त कापड कातरायचे. लढाईचे दिवस, कापड कंट्रोलचं, रेशनवर मोजून मिळायचं. जास्तीचं कापड ते आत दुमडून शिवत. पोर वाढलं की दुमड उसवायची. जुन्या जालन्यात आमच्या गल्लीत मारवाडी, मोमीन, मराठे, कुणाचंही पोर पाहा, बाह्या बोटांवर लोंबत असायच्या. तुम्ही असतात तर तुमच्याही लोंबल्या असत्या.

मामांची फजिती केली ती गल्लीतल्या मारवाडी शेटजींच्या लेकानं. मामा उंचीला कापड सोडत गेले आणि तो रुंदीला वाढत गेला. सदरा गुडघ्यापर्यंत, गुंड्या मात्र पोटावर तुटलेल्या. "बेटा, जरा वर बी वाढ की!" मामा कळवळून म्हणायचे.

त्याच शेटजींकडे वडीगोद्रीकडची एक धनगरीण तूप घालायला यायची. एकदा ती लहान लेकीला घेऊन मामांच्या दुकानात आली. पोर अगदीच काडी. शेटाणीबाई तिथंच होत्या. म्हणाल्या, "ह्या लोकांचं हाडच बारीक."

मामांनी तोंडातली सुई काढली. "हाड न्हाई बाई, ताट बारीक हाय."

पोरीला निळं पोलकं शिवलं. वर्षानं दोघी परत आल्या, तर पोलकं तसंच ढगळ.

"मामा, ही वाढंना हो. हिच्या आधीची बी अशीच गेल्ती," म्हणता म्हणता बाईला रडू फुटलं.

शेटजींचा लेक गुंड्या लावून घ्यायला बसला होता. त्याच्याकडे पाहत मामा म्हणाले, "ह्ये पोट तुझ्या म्हशीनं भरलंय, माय. आता आधी पोरीच्या ताटात, मंग बाजारात. म्या कापड ठिवलंय आत. वाया घालवू नको."

त्या उन्हाळ्यात मामा तापानं गेले. पुढं नव्या शिंप्यानं मला बरोबर मापाचा सदरा शिवला. तो घालवेना. मामांची फार आठवण यायची.

पुढच्या वर्षी धनगरीण आली. पोरीला पोलकं काखेत काचत होतं.

"मामा कुठं हाइत? त्यास्नी दावायची होती."

मामांच्या बायकोनं कात्री उचलली. तिनं पोरीला पुढ्यात उभं केलं आणि दोन्ही बाजूंची दुमड उसवली. बाहेरचं कापड उन्हानं पार विटलं होतं. आतलं चार बोटं कापड मामांनी ठेवलं तसं, निळंभोर निघालं.