आईचं उलटं स्वस्तिक

आमच्या इंदूरातल्या खजरान्याच्या गणपतीला लोक पुढून हात जोडतात आणि मागून मागतात. गाभाऱ्याच्या मागच्या भिंतीवर, बाहेरच्या बाजूने, बरोबर देवाच्या पाठीशी कुंकवाने उलटं स्वस्तिक काढायचं. मनातलं झालं की परत यायचं आणि तिथेच सुलटं काढायचं. देऊळ होळकरशाहीतलं. मूर्ती त्याआधी विहिरीत लपवून ठेवलेली होती म्हणतात. आता वर पांढरं शिखर, आत चांदी, पायाखाली संगमरवर. तरी गर्दी बघावी ती मागच्या साध्या भिंतीशी.

दर बुधवारी अन्नपूर्णा भागातल्या घरून आईला स्कूटरवर घेऊन मीच जातो. आत मात्र सहसा जात नाही. बाहेर तिच्या चपला सांभाळत उभा राहतो आणि मनातल्या मनात जळतो.

जळतो माझ्या धाकट्या भावावर. तो पुण्यात असतो. औषधं मी आणायची, डॉक्टरकडे मी न्यायचं, आणि शेजारणीला कौतुकाने सांगायचं काय, तर बाळाचा फोन आला होता! गराडू कंदाचे काप आमच्याकडे फक्त तो आल्यावर तळले जातात. एरवी म्हणे तेलकट बाधतं. माझ्या लग्नाची पहिली पत्रिका या गणपतीपुढे मी स्वतः आणून ठेवली, ऑफिसला जाता जाता. त्याची पत्रिका ठेवायला आई शालू नेसून रिक्षाने आली. मी साठीला टेकलो, पण हे विसरत नाही. का विसरू? त्याचा फोन आला की मी एक शब्द न बोलता तो आईच्या हातात देतो.

गेल्या वर्षी त्याची नोकरी सुटली. आईने लगेच इथे उलटं स्वस्तिक काढलं. मला कळलं ते शेजारणीकडून. या महिन्यात त्याला दुसरी नोकरी लागली, तशी आई म्हणाली, आता ते सुलटं करायला हवं, आणि बाळाला त्याचा व्हिडिओ बघायचाय. म्हणजे नवस त्याचा, पेट्रोल माझं आणि शूटिंगही मीच करायचं. काय नशीब आहे यार, म्हटलं, आणि चपला एका हारवाल्या भियाकडे ठेवून आत गेलो.

आईने अनामिका कुंकवात बुडवली. रेघ सरळ आली. एका वेळी एकच रेघ, मध्ये दम घेत. माझ्यासाठी कुणी असं भिंतीशी उभं राहिलंय का, एवढंच माझ्या डोक्यात घुमत होतं. आईच्या फोनवरून व्हिडिओ पाठवून दिला आणि विचारूनच टाकलं.

"माझ्यासाठी काढलंस का गं कधी?"

ती भिंतीकडेच बघत म्हणाली, "तुझं अजून उलटंच आहे."

माझं काय राहिलं होतं? नोकरी पुरी झाली, घर झालं, मुलगी तिच्या संसाराला लागली. आई खाली वाकली. कोपऱ्यात, जिथे गर्दीचा हात पोचत नाही, तिथे तिने एक लहानसं उलटं स्वस्तिक काढलं.

"तुमचं दोघा भावांचं पटावं, म्हणून. भिंत पुसतात ना. मग मी दर बुधवारी नवीन काढते."

पहिल्यांदा काय वाटलं ते सांगतो. राग आला. माझ्या नावचं एक स्वस्तिक, तर त्यातही हा निम्मा! मग आठवलं की दर बुधवारी मी बाहेर चपला धरून त्याच्यावर चरफडत असायचो, तेव्हा ही आत वाकून हेच करत असायची. गुडघे दुखतात तिचे. घरी ती पाटावरसुद्धा बसत नाही.

पर्स माझ्याकडे देऊन ती दर्शनाच्या रांगेत गेली. पर्समधला फोन वाजायला लागला. पुण्याचा. व्हिडिओ पोचला असणार. वाजून बंद झाला, पुन्हा वाजला. रांग लांब होती आणि आई पार पुढे गेली होती.

मी उचलला. त्याने उत्साहात आईला हाक मारली. माझा आवाज ऐकला, तसा त्याचा सूर उतरला. मग हळूच विचारलं, आई कुठेय.

"दर्शनाला गेलीय," मी म्हटलं. "वेळ लागेल. तोवर माझ्याशी बोल."