वारुळाची जागा

अठरा जुलै. सुकवलेली अळंबी कागदी पाकिटांत भरायची होती. पाकिटावर क्रमांक, तारीख, आसपासची झाडं. बेळगावात जंगलातल्या बुरशीवर संशोधन करणारा आमचा छोटा गट आहे; त्यातली नोंदींची कामं अकरा वर्षं माझ्याकडे आहेत. माझ्या हातून चुका होत नाहीत, असं सगळे म्हणतात. मीही म्हणत होते.

तेवढ्यात काकीचा फोन आला. काकी म्हणजे गुंजीजवळच्या माझ्या माहेरची शेजारीण. रानातल्या एका वारुळावर दर पावसाळ्यात अळंबी येते, ती काढायचा मान तिच्या घराचा. आमच्याकडे अशी जागा सासू सुनेला दाखवते, बाकी कुणाला नाही. वारूळ उकरायचं नाही, कळ्या ठेवायच्या, वर पालापाचोळा पसरून यायचं. काकीच्या सासूने दोन्ही सुनांना दाखवली होती. गेल्या वर्षी काकीने मला नेलं, गावची लेक म्हणून. "फोटू काढ, माती ने, पर जागा कुणाला सांगू नगो," एवढीच अट. मी व्हय म्हटलं होतं.

"कुदळ घालून उकरलंय गं सगळं!" काकी ओरडत होती. "एक कळी ठेवली न्हाय मेल्यांनी. मोटारसायकली घेऊन आलते म्हणं. ही माझ्या जावंचीच करणी."

"तिचीच कशावरून?"

"मग कुणाची? जागा आम्हा दोघींनाच ठाऊक. का तू सांगितलीस?" असं म्हणून ती हसली. "तिच्या हातचं पाणी पिणार न्हाय मी आता."

"बघू, काकी," म्हणून मी फोन ठेवला.

मग नकाशा उघडला. कुठे कुठली अळंबी सापडली, त्याचा नकाशा आम्ही मे महिन्यात सगळ्यांसाठी इंटरनेटवर टाकला होता. टाकण्याआधी जागेच्या अक्षांश-रेखांशांतले शेवटचे आकडे उडवायचे, म्हणजे तालुका कळतो, झाड कळत नाही, हा आमचा नियम. उडवायचं काम माझं. त्या दिवशी घाई होती. मूळ यादी आणि छाटलेली यादी, दोन्ही तयार होत्या. मी मूळ पाठवली. आता बोटांनी नकाशा मोठा करत गेले. ओढा, ओढ्याचं वळण, आणि ठिपका थेट वारुळावर.

आमच्या गटाच्या सरांना सांगितलं. ते म्हणाले, "लगेच दुरुस्त करा. पण गावात बोलू नका. पुन्हा रानात पाऊल ठेवू देणार नाहीत कुणी." मला ते पटलं. खरं सांगायचं तर, पटवून घ्यायला मी तयारच होते. दहा मिनिटांत यादी बदलली आणि पाकिटं भरायला बसले. दोन पाकिटांवर एकच क्रमांक घातला.

संध्याकाळी अनगोळला घरी पोचते न पोचते तोच काकीच्या जावेचा फोन. ही काकीपेक्षा लहान, भांडायची सवय नसलेली. दोघींची घरं एका भिंतीची, चूल वेगळी, दळणकांडण एकत्र.

"आक्का, तू तरी सांग गं तिला. तुझं ऐकती ती. माझ्या माहेरच्यांनी रान बघितलंसुदिक न्हाय. आज माझ्या पोरींना दारातनं परत लावलं तिनं."

एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य माझ्याकडे होतं.

"सांगते की," मी म्हटलं, आणि कुकर लावायला उठले.

भात झाला, जेवण झालं, भांडी घासली. 'उद्या फोन करू' असं ठरवलं, मग तेही खोटं वाटलं. फोनवर मी पुन्हा 'बघू, काकी'च म्हटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली गाडी धरून गुंजीला उतरले. पुढे चालत गेले. काकी अंगण झाडत होती, जाऊ पलीकडे भांडी घेऊन पाठमोरी बसलेली. मी मधेच उभी राहिले आणि दोघींना ऐकू जाईल असं म्हटलं, "काकी, जागा हिनं न्हाय फोडली. माझ्या हातनं फुटली. नकाशात गेली."

खराटा थांबला. काकीला नकाशा दोनदा समजावून सांगावा लागला. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही. खराटा भिंतीला टेकवून ती आत गेली.

जाऊ हात पुसत उठली.

"काल फोनवर 'सांगते की' म्हणालीस, तवा ठाऊक हुतं तुला?"

"व्हय," मी म्हटलं.