तिसरी जागा रिकामी

मॅडम सरकत नसत. दारव्ह्याहून यवतमाळला जाणाऱ्या सकाळच्या काळीपिवळी जीपमध्ये त्यांची ही ओळख प्रत्येकाला पहिल्याच दिवशी व्हायची. खिडकीशी मी, मध्ये मॅडम आणि दाराकडची जागा रिकामी. गाडी मागे खच्चून भरलेली, एक पाय आत, एक बाहेर अशी माणसं लोंबकळलेली, आणि ही जागा मात्र लग्नातल्या पाटासारखी मोकळी. चालक गजूभाऊ रोज चिडायचा. "मॅडम, सरका न जरासं. एक सवारी बसते." मॅडमचं उत्तरही रोजचंच. "कायले सरकू? फाट्यावर याडी हाये माझी."

याडी म्हणजे त्यांची आई. वाटेवरच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावर राहायची. आंबाडी, चुका, मेथी जे निघेल ते टोपलीत घालून यवतमाळच्या बाजारात विकायची. म्हातारी मोबाईलला हात लावत नसे, त्यामुळे ती आज येणार की नाही हे गाडी फाट्यावर थांबल्यावरच कळे. ती नसेल तर मॅडम म्हणत, "आता बसवा कोणाले बसवायचं ते." पण फाट्याच्या आधी खुद्द कलेक्टर चढले असते तरी त्यांना मागेच कोंबलं असतं याबद्दल मला शंका नाही. एकदा मी चिडवलं, "मॅडम, जागेवर नाव कोरून घ्या याडीचं." त्या अजिबात हसल्या नाहीत. "कोरायची काय गरज? मले माहीत हाये न."

यवतमाळच्या एका इस्पितळात कॉम्प्युटरची खोली त्या सांभाळत आणि मी त्यांच्या हाताखाली. त्यांचं आडनाव राठोड, पण सगळं इस्पितळ त्यांना पाठीमागे 'जागावाल्या मॅडम' म्हणे. जेवणाच्या टेबलावर रजेवरच्या माणसाची खुर्ची ओढून कोणी बसला की त्या त्याला उठवत. चहाच्या कपांचे खिळेसुद्धा ठरलेले. वॉचमन गावी गेला तेव्हा बदलीवर आलेल्यासाठी त्यांनी नवा खिळा ठोकायला लावला. मला तेव्हा हा निव्वळ खडूसपणा वाटायचा.

आमचं काम सांगायचं तर असं. एका खऱ्या, मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात प्रोग्रामच्या जोरावर तीन-चार खोटे कॉम्प्युटर चालवायचे. खोटे म्हणजे हाताला लागत नाहीत, काम मात्र खऱ्यासारखं करतात. त्यांना प्रोसेसरही खोटेच द्यायचे. काम वाढलं की चालू मशीनमध्येच एखादा जोडायचा, कमी झालं की काढून घ्यायचा. आणि खालचं लोखंड, म्हणजे तो खरा कॉम्प्युटर, कुरकुरायला लागलं की आतलं खोटं मशीन न थांबवता, चालता चालता दुसऱ्या लोखंडावर हलवायचं. मॅडमना या हलवण्याचा भारी अभिमान. "आमच्या लोकायनं बैलावर माल लादून मुलूख पालथा घातला. चालता चालता हलवणं आमच्या घरचंच हाये," असं म्हणत.

यात एक मेख होती. प्रोसेसर ओळखायचा कसा? ते आले त्या क्रमाने पहिला, दुसरा, तिसरा असं मोजलं आणि मधला एखादा काढला, की मागचे सगळे एकेक घर पुढे सरकतात. मग हलवताना चौथ्याच्या डोक्यातलं अर्धवट काम तिसऱ्याच्या डोक्यात जायचं, नाहीतर पलीकडचं लोखंड "असा कोणी आमच्याकडे नाही" म्हणून दारच लावून घ्यायचं. म्हणून मॅडम प्रोसेसरला त्याच्या जागेवरून ओळखत. "कितवा ते सांगू नको. कुठला ते सांग," हे वाक्य मी त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकलं की माझी बायको मला त्याच वाक्याने चिडवते.

मग तो मे महिना आला. यवतमाळचा मे, म्हणजे टिनाच्या शेडला हात लावायची सोय नाही. याडीला छातीत दुखून आमच्याच आयसीयूत आणलं होतं. कोपऱ्यातली खाट. मॅडम आयसीयूच्या दारातून खोलीत आणि खोलीतून दारात अशा चकरा मारत होत्या. अशात भर दुपारी जुन्या लोखंडाचा पंखा बंद पडला.

तापमान चढायला लागलं. एका मर्यादेपुढे ते यंत्र स्वतःच बंद पडतं. आणि त्याच्याच पोटात आयसीयूतल्या सगळ्या खाटांचे ठोके एका पडद्यावर दाखवणारं मशीन चालू होतं. आयसीयू दोन खोल्यांत विभागलेलं, सिस्टर दोनच, त्यांचा सगळा जीव त्या पडद्यावर. भार कमी करावा म्हणून मॅडमनी घाईघाईने त्या मशीनचा एक प्रोसेसर काढून घेतला. तेवढ्याने भागलं नाही. शेजारी नवं लोखंड तयार होतं. हलवणं भाग होतं.

व्यवस्थापक साहेब घामाघूम होऊन दारात उभे राहिले. "मॅडम, सरळ बंद करा आणि नव्यावर चालू करा."

"पडदा अर्धा तास अंधारात जाईल, साहेब."

"आणि हलवताना मशीन कोसळलं तर दिवसभर अंधार. तुमची आई आत आहे. तुम्ही बाजूला व्हा, तुम्हाला सुचणार नाही."

मॅडमनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. त्या खुर्चीवरून उठल्या. "अक्षय, तू बस. मी सांगतो तसं कर." एरवी 'सांगते' म्हणणाऱ्या मॅडम त्या दिवशी 'सांगतो' म्हणाल्या, त्यांच्या तांड्यावरच्या बायका बोलतात तसं.

नव्या लोखंडावर तसंच मशीन नेहमीच्या आज्ञेने उभं केलं आणि हलवायला सुरुवात केली. नव्याने लगेच नकार दिला. जुनं अजून चालू होतं, पण तापमानाचा आकडा लाल झाला होता. "झालं समाधान? करा बंद!" साहेब ओरडले. माझा हात खरोखरच बंद करायच्या बटणाकडे गेला होता.

"थांब," मॅडम म्हणाल्या. "जुन्याले विचार, कोण कुठं बसलं हाये." मी विचारलं. पहिली जागा भरलेली, दुसरी भरलेली, तिसरी, मॅडमनी मघाशी काढलेल्याची, रिकामी, चौथी आणि पाचवी भरलेली. नव्याने मात्र चौघांना ओळीने पहिल्या चार जागांवर बसवलं होतं.

"तिसरी जागा रिकामी ठेव. कोणाले सरकवू नको."

मी तसं मांडलं आणि पुन्हा हलवायला सोडलं. या वेळी नकार आला नाही. किती हललं याचा आकडा मुंगीच्या पावलाने पुढे जात होता, तिकडे तापमान चढत होतं. मॅडम भिंतीला टेकून डोळे मिटून उभ्या होत्या आणि पुटपुटत होत्या, पण ती बंजाऱ्यांची गोरबोली होती, मला त्यातला एक 'याडी' तेवढा कळला. काम पूर्ण झाल्याचं दिसलं आणि पाठोपाठ जुनं लोखंड धाप टाकून बंद पडलं. मी आयसीयूला फोन लावला. कोणी उचलेना.

मॅडम पळत गेल्या, मागे मी. पडदा चालू होता. सिस्टर कोपऱ्यातल्या खाटेशी वाकल्या होत्या, डॉक्टर याडीच्या छातीशी होते. पडद्यावर तीच खाट लाल झाली होती, ते पाहून सिस्टर दुसऱ्या खोलीतून धावत आल्या होत्या, आणि थोड्या वेळाने ठोके ताळ्यावर आले. आम्ही काय हलवलं, कधी हलवलं, सिस्टरना पत्ताच नव्हता. मॅडम तिथेच फरशीवर बसल्या आणि लहान पोरीसारख्या रडल्या. त्यांच्या खडूसपणाबद्दल मी त्यानंतर कधी चकार शब्द काढला नाही.

याडी बरी झाली. पावसाळाभर ती फाट्यावरून चढली, टोपली मांडीवर घेऊन आपल्या जागेवर बसली. मला म्हणायची, "बाबू, तू वाळून राह्यला. मेथी खात जा." थंडीत ती तांड्यावर झोपेतच गेली.

त्यानंतरही मॅडम फाट्यापर्यंत ती जागा रिकामीच ठेवत. गजूभाऊने एकदाही 'सरका' म्हटलं नाही. उलट कोणी चढू लागला की तोच हटकायचा, "मागं जा भाऊ, ती जागा ठेवेल हाये."

मग मॅडमना पुण्याला नोकरी लागली. इथल्या शेवटच्या दिवशी आम्ही नेहमीसारखे निघालो. फाट्याच्या अलीकडच्या गावात एक म्हातारी गाठोडं घेऊन दाराशी आली. गजूभाऊ सवयीने म्हणाला, "मागं जाय आजी."

"बसू द्या त्याहिले इथं," मॅडम म्हणाल्या. गाठोडं मोठं होतं. मॅडम माझ्याकडे सरकल्या.

पुढे फाटा आला. गजूभाऊचा पाय सवयीने ब्रेकवर गेला, गाडी हळू झाली. तिथे कोणी नव्हतं. मॅडमनी बाहेर पाहिलं नाही. "चाला, गजूभाऊ," त्या म्हणाल्या.