उद्घाटनाची फरशी

आमच्या सावेडीच्या घरामागे धुणं धुवायचा जो दगड आहे, तो काळ्या ग्रॅनाइटचा आहे. शेजारणी विचारतात, एवढा भारी दगड धुण्याला कशाला? मी सांगते, उरला होता. अक्षरांची बाजू मी मुद्दाम वर ठेवली आहे. सोनेरी रंग साबणाने केव्हाच निघून गेला, पण खोदलेलं अजून वाचता येतं. अमुक अमुक साहेबांच्या शुभहस्ते, खाली दिनांक, आणि दिनांकाच्या पुढे कोरी जागा. चादरी घासायला तीच जागा गुळगुळीत असल्याने बरी पडते.

ही फरशी माझ्या थोरल्या भावाच्या कारखान्याची. नव्वद सालानंतरची ती वर्षं. रोज पेपरात यायचं की आता देश खुला झाला, आता ज्याच्याकडे कल्पना त्याला सरकार हात देणार. आमच्या दादाकडे कल्पना होती. त्या हाताचं काय झालं, ते सांगते.

दादा साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट होता. मे महिन्यात मळीच्या टाक्या अशा तापायच्या की आंबवायला घातलेलं यीस्ट मरून जायचं, आणि साहेब लोक दादावर ओरडायचे. एका टाकीत मात्र फेस येतच राहिला. दादाने त्या टाकीतलं यीस्ट काचेच्या नळीत घेतलं, घरी आणून वाढवलं, गच्चीवरच्या पत्र्यावर उन्हात वाळवलं आणि पुन्हा कोमट पाण्यात टाकलं. ते पुन्हा जिवंत झालं. त्या दिवशी जेवताना तो एकटाच हसत होता आणि आई विचारत होती, मीठ जास्त झालंय का म्हणून.

गायीला जिवंत यीस्ट दिलं की बिघडलेलं पोट सुधारतं, हे पुस्तकांत होतंच. परदेशात देतही होते. पण ती पावडर थंड जागी ठेवावी लागायची, आणि आमच्याकडच्या गोठ्यात फ्रिज कुठून येणार? दादाची पावडर पत्र्याखाली अख्खा उन्हाळा काढायची. मिरजगावच्या मामाची संकरित गाय उसाचे वाढे खाऊन पडली, रवंथ बंद झाला, तेव्हा दादाने ती पहिल्यांदा दिली. दोन दिवसांनी मामा एसटीने नगरला आला आणि दारातूनच ओरडला, "आरं, उटली की गाय! सकाळधरनं नुसती खाती हाय. लई झ्याक हाय तुजं पीठ!" मग तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरांनी आणखी काही गायींवर करून पाहिलं आणि सांगितलं, याचं औषध करा, सोडू नका. दादाने नोकरी सोडली. यीस्टच्या नळ्या कापसाचा बोळा लावून आईच्या फ्रिजमध्ये दह्याशेजारी राहायला आल्या. दर महिन्याला तो त्यातलं थोडं मळी घातलेल्या नव्या नळीत लावायचा, नाहीतर ते मरून गेलं असतं. त्या नळ्यांतलं आमच्या जिल्ह्यातल्या गोठ्यांत पोचवायचं, एवढंच त्याला हवं होतं. माणसाने आयुष्यात यापेक्षा कमी काय मागावं?

दादा बोलण्यात कच्चा. त्यामुळे कचेऱ्या माझ्या वाट्याला आल्या. मी एका कॉलेजात क्लार्क होते, अर्धी रजा टाकून लुनावर त्याला मागे बसवून न्यायची. बँकेच्या मॅनेजरनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण तारण काय?" दादा म्हणाला, "यीस्ट." मॅनेजर खुर्चीत मागे रेलले. "अहो, जिवंतच काहीतरी ठेवायचं असेल तर म्हैस आणा. म्हशीची आमच्याकडे योजना आहे." स्वतःच्या विनोदावर ते बराच वेळ हसले. चहाही पाजला. पैसे नाही दिले.

मग आम्ही सरकारी महामंडळात गेलो. तिथले अधिकारी हुशार होते, मवाळ होते, नव्या उद्योजकांसाठी त्यांच्या भिंतीवर रंगीत तक्ते होते. दादाने सांगितलं, मला दोन खोल्या पुरतील, एक छोटी टाकी, आणि वर्षभर गायींवर नीट चाचण्या करायला पैसे. अधिकाऱ्यांनी मान हलवली. दोन खोल्या आमच्या योजनेत बसत नाहीत. प्लॉट घ्या, शेड बांधा, मशिनरी घ्या, त्याला कर्ज मिळेल. मागास तालुक्यात गेलात तर वर सवलत. चाचण्यांना काही नाही.

मी घरी येऊन खूप विचार केला तेव्हा त्यातली मेख कळली. पत्रा जप्त करता येतो. टाकी जप्त करता येते. दादाच्या डोक्यात होतं ते जप्त करता येत नव्हतं, म्हणून त्याला कर्ज नव्हतं. आम्ही बुडणार हे धरूनच ती मदत आखलेली होती. आणि जिथे पाणी टँकरने येतं, वीज मर्जीने येते, तो मागास तालुका. पाणी आणि वीज दोन्ही लागणारा कारखाना तिथेच काढला तर सरकार पाठीवर हात ठेवणार. तरी आम्ही गेलो. शेवगावच्या रस्त्याला प्लॉट घेतला.

फाइल मात्र हलेना. शेवटी आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, मनावर घेतलं. आबा निवृत्त प्राथमिक शिक्षक. त्यांचा एक जुना विद्यार्थी साहेबांचा पीए होता. साहेब म्हणजे त्या भागातलं मोठं नाव. दादा नोकरीला होता तो साखर कारखाना त्यांचा, दूध संघ त्यांचा, शाळा त्यांच्या. आबा इस्त्रीचं धोतर नेसून गेले. साहेबांनी एक फोन केला आणि आठवड्यात कर्ज मंजूर झालं. आबा घरी आले ते भारावून. "आपल्यासारख्या घरासाठी त्यांनी शब्द टाकला," असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. आपल्यासारख्या म्हणजे कसल्या, ते आम्हाला सांगावं लागत नव्हतं. आजोबांनी धम्म स्वीकारून घरातले देव नदीत सोडले तेव्हा आबांना गावातल्या विहिरीवर उभं राहता येत नव्हतं. आता त्यांच्या मुलाचा कारखाना होत होता.

शेड उभी राहिली. दादाला हवी होती त्याच्या कितीतरी पट मोठी. टाकी बसली, वाळवायचं मशीन बसलं. पावसाळा तोंडावर होता. पहिल्या हिरव्या चाऱ्यावर जनावरांची पोटं बिघडतात, तेव्हाच पावडर दुकानात हवी, म्हणून दादा उतावळा झाला होता. आणि तेव्हाच पीएचा निरोप आला की उद्घाटन साहेबांच्याच हस्ते करायचं आहे, तारीख कळवतो.

हे फक्त आपल्याकडेच होऊ शकतं. मशीन तयार, माणूस तयार, माल विकायचा मोसम दारात, आणि दाराला कुलूप. कारण ज्यांनी शब्द टाकला त्यांचा हात अजून बटणाला लागलेला नाही. महामंडळाच्या इन्स्पेक्टरचंही तेच. "उद्घाटनाचा फोटो लावा, मी उत्पादन सुरू झाल्याचा दाखला देतो, मग खेळत्या भांडवलाचा हप्ता सुटेल." म्हणजे माल काढायला पैसे हवेत तर आधी फोटो हवा, आणि फोटोला साहेब हवेत.

"गुपचूप एक घाणा तरी काढू," दादा म्हणाला.

"आणि त्यांना कळलं तर?" आबा कधी आवाज चढवत नसत, तो त्या दिवशी चढला. "त्यांच्या आधी मशीन फिरवलं म्हणतील. माणसाचा मान ठेवायला शिका."

मी दादाच्या बाजूने भांडले. आबांना नाही नाही ते बोलले. पण आबांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि दादा उठून गच्चीवर गेला, तिथेच ते भांडण संपलं.

पहिली तारीख मिळाली तेव्हा फरशी कोरून आणली. आदल्या दिवशी साहेबांचे कोणी नातलग वारले. कारागिराने तारीख बुजवून नवी कोरली, तर साहेबांना मुंबईला जावं लागलं. मग निवडणुकीची आचारसंहिता लागली. कारागीर वैतागून म्हणाला, "ताई, ही जागा मी घासून कोरीच ठिवतो. उरकलं की सांगा, मंग टाकू." पेढे आणले की शेजारी वाटून टाकायचे, हे आईला सवयीचं झालं. पावसाळा गेला. गायी पडल्या, काही उठल्या, काही मेल्या. जनावरांच्या डॉक्टरांची बदली झाली. कर्जाचं व्याज मात्र कोणाच्या तारखेसाठी थांबलं नाही.

त्याच पावसाळ्यात मुंबईच्या एका मोठ्या कंपनीची परदेशी पावडर जिल्ह्यात आली. चकचकीत डबा, त्यावर हिरव्या कुरणातली पांढरी-काळी गाय. डब्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, थंड जागी ठेवा. दुकानदारांनी ती पत्र्याच्या दुकानांत ठेवली. ऑक्टोबरच्या उन्हात त्यातलं यीस्ट मरून गेलं. लोकांनी पदरचे पैसे घालून ती मेलेली पावडर गायींना चारली आणि एकही गाय उठली नाही. दादाने एक डबा आणून पाण्यात टाकून पाहिला. नुसता गाळ बसला.

साहेब आले ते हिवाळ्यात. मांडव घातला होता. आमच्या घरात नारळ फुटून माझ्या वयाहून जास्त वर्षं झाली होती. आबा मला हळूच म्हणाले, "कार्यक्रम त्यांचा आहे, फोडू दे." साहेबांनी नारळ फोडला, फीत कापली, शाल आबांनी त्यांना घातली. फरशीवरचा पडदा सरकवला तेव्हा कोरी तारीख सगळ्यांना दिसली. भाषणात साहेब म्हणाले की तरुणांनी नोकरीच्या मागे लागू नये. त्यांच्या कारखान्यातली नोकरी सोडलेला माझा भाऊ समोर उभा होता. खाली उतरताना त्यांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "काय बनवता तुम्ही?"

बटण दाबायच्या वेळी वीज गेलेली होती. मांडववाल्याचा जनरेटर होता, पण तो माइकला. साहेबांनी तसंच बटण दाबलं, फोटो निघाला, टाळ्या झाल्या. इन्स्पेक्टरनी तिथेच सांगितलं, दाखला उद्या घेऊन जा.

पुढचं फार लवकर झालं. दादाने पावडर काढली, चांगली काढली, आणि स्कूटरला पिशव्या लावून शेवगावपासून मिरजगावपर्यंत दुकानं पालथी घातली. एका दुकानदाराने पिशवीला हातसुद्धा लावला नाही. "यीस्ट का? नगं बा. त्या डब्यापायी लोकं दुकानात यिऊन शिव्या देत्यात."

"ते यीस्ट मेलेलं होतं. हे उन्हात टिकतं."

"तेबी असंच म्हनत हुते."

दादा काय सांगणार? गायींवर वर्षभर चाचण्या केल्या असत्या तर दाखवायला काहीतरी असतं. चाचण्यांना पैसे नव्हते. शेडला होते. मामाने शब्द खर्ची घातला, ओळखीच्या गोठ्यांत पावडर नेऊन दिली, त्या गायी उठल्याही. पण मामाच्या ओळखीवर एवढी मोठी शेड चालणार कशी? हप्ते थकले. वर्षभरात महामंडळाने सील लावलं. त्याच्या आदल्या संध्याकाळी दादा गवंडी घेऊन गेला आणि भिंतीतून फरशी काढून आणली. "एवढीच एक वस्तू तारणात नव्हती," तो म्हणाला. तेव्हा मला हसू आलं होतं.

नळ्या तेवढ्या फ्रिजमध्ये राहिल्या. दादा पुण्याच्या एका कंपनीत लागला, शनिवारी रात्री यायचा, आणि महिन्यातून एका रविवारी यीस्ट नव्या नळीत लावायचा. आबा जवळ स्टूल घेऊन बसायचे. दोघं एकमेकांशी फारसं बोलत नसत, पण त्या वेळी आबा स्पिरिटचा दिवा पेटवून द्यायचे. परिस्थिती बदलेल, पुन्हा कधीतरी करू, असं कोणी म्हणत नव्हतं. पण ते जिवंत होतं तोवर म्हणायची गरज नव्हती.

असाच एक रविवार. उद्योग खात्याच्या दुसऱ्या एका कचेरीतले गृहस्थ पत्ता शोधत घरी आले. मागास तालुक्यातल्या यशस्वी नवउद्योजकांचा सत्कार होता. कर्ज उचललेलं, शेड बांधलेली, उद्घाटन झालेलं, उत्पादनाचा दाखला फाइलला, म्हणजे आम्ही यशस्वी. सील एका कचेरीचं, सत्कार दुसऱ्या कचेरीचा. मी तोंड उघडणार होते, दादाने मला डोळ्याने गप्प केलं. गृहस्थ आबांना म्हणाले, "शाल साहेबांच्याच हस्ते आहे बरं का." आबा मान खाली घालून बसले होते. दादाने चहा दिला, "येतो," म्हणाला, आणि त्यांना फाटकापर्यंत सोडून आला.

मग त्याने फ्रिज उघडला. सगळ्या नळ्या घेऊन मागच्या अंगणात गेला. मी भांड्यांचा आवाज समजून गेले, तर तो फरशीवर उकळतं पाणी ओतून एकेक नळी धूत होता. कापसाचे बोळे बाजूला नीट रचलेले होते.

"दादा, एक तरी ठेव," मी म्हणाले.

त्याने मान वर केली नाही. "हे जिवंत आहे तोवर मला त्या लोकांकडे जावं लागेल."

आबा दारात उभे होते. दादा येतो म्हणाला होता आणि आमच्या घरात दिलेला शब्द मोडत नाहीत, म्हणून सत्काराला आबा गेले. शाल घेऊन आले, घडी न मोडता कपाटात ठेवली, आणि नंतर किती थंडी पडली तरी ती कोणी पांघरली नाही. फरशीला बरेच दिवस मळीचा आंबूस वास येत होता. मी धुणं धुताना तो यायचा आणि मी कपडे नुसते आपटत राहायची. मग तोही गेला.