तारेचा क्लच

वडिलांच्या जुन्या ट्रकला दुसरा गिअरबॉक्स बसवायला मी लातूरच्या एका मेस्त्रीकडे गेलो होतो. पेडलपासून क्लचपर्यंत तार टाकायची की ऑइलची लाइन, एवढंच ठरायचं होतं. तार लगेच बसणार होती, म्हणून मी तारच म्हणालो.

बोलण्याआधी हात पुसायची त्याला सवय होती. या वेळी तो बराच वेळ पुसत राहिला.

"भावाच्या गाडीला मीच तार टाकली व्हती. माहूरचा घाट उतरताना तुटली. खालचा गिअर पडलाच न्हाई. भाऊ गेला."

"त्यात तुमची काय चूक?"

"घाई त्याला व्हती, साहेब. मेस्त्री तर मी व्हतो."

मी ऑइलची लाइन टाकायला सांगितली. तिसऱ्या दिवशी गाडी तयार झाली. तो केबिनच्या दारातून वाकून हातानं क्लचचं पेडल दाबत होता, सोडत होता, पुन्हा दाबत होता. चावी मागायचा मला धीर झाला नाही.