उत्तमचा पाट

बाळापूरहून शाळेत फोन आला, तेव्हा प्रार्थना नुकतीच संपली होती. "सर, उत्तमभाऊ गेले..." माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "हातात गिटार होती का?" पलीकडचा माणूस गोंधळला. "न्हाई सर. झोपेतच गेले." दुःखाआधी सुटकेचा श्वास आला. पंचवीसेक वर्षे मी याच बातमीला भीत आलो होतो. ती आली, पण दुसऱ्या वाटेने.

नव्वदच्या दशकात उत्तम हैदराबादच्या हॉटेलातली नोकरी सोडून तांड्यावर परतला, तो इलेक्ट्रिक गिटार घेऊन. तांड्यातल्या बायकांची गाणी तो रॉकच्या दणक्यात गाई, तेव्हा वारंगा फाट्यावरचे ट्रकवाले गाड्या उभ्या करून ऐकत. मी विज्ञानाचा शिक्षक. मला गाण्यापेक्षा वीज अधिक कळे. कार्यक्रमाची वीज आकडा टाकून घेतलेली, अर्थिंगचा पत्ता नाही. अशा वेळी बोटे गिटारच्या तारांवर, ओठ माइकवर आणि पाय ओल्या जमिनीवर असले, तर माणूस स्वतःच तार होतो. सिद्धेश्वर गावातल्या कार्यक्रमात त्याच्या ओठांशी निळी ठिणगी उडाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी मी त्याला नियम घालून दिले : पायांत रबरी चप्पल, खाली कोरडा लाकडी पाट, आणि माइकपासून तोंड वीतभर दूर.

"काहून एवढं भेऊन राहिले, सर?" तो हसला. "मास्तर लोकायला भ्यायचा पगार असतो का?"

"बराबर बोलून राहिले सर," म्हणत त्याच्या बायकोने, सुमनने, घरातला जेवणाचा पाट आणून आदळला. "आता यावर उभं राहूनच बोंबला!"

वीतभर दुरून गायचे म्हणजे मान ताणून आवाज फेकावा लागे. हळूहळू तीच त्याची ढब झाली. कळमनुरी तालुक्यातली गाणारी पोरे आजही तशीच मान ताणतात. ती सावधगिरी आहे, असे समजून मी निर्धास्त होतो. उत्तमच्या कार्यक्रमात मात्र, वेळ पडली तर वीज तोडता यावी म्हणून, मी बटणापाशीच उभा राही.

गेल्या महिन्यात तांड्यावर त्याच्या आठवणीचा कार्यक्रम झाला. धूळ बसावी म्हणून अंगणात सडा टाकला होता. समोर तोच पाट... हळदकुंकू लावलेला, वर उत्तमचा फोटो, हार. त्याची मुलगी रेणुका गिटार गळ्यात अडकवून पुढे आली. तिने पाटाला नमस्कार केला, आदराने चपला काढल्या आणि अनवाणी ओल्या मातीवर उभी राहिली. मान ताणलेली, तोंड माइकपासून बरोबर वीतभर दूर, अगदी बापासारखी. गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर सुरू व्हायचा होता; एकाचा हात बटणाकडे गेला.

"थांब!" मी ओरडलो आणि धावत जाऊन त्याचा हात धरला.

"काय झालं, सर?" रेणुका घाबरली. अनवाणी, ओल्या मातीवर उभे राहून तारांना हात लावला तर काय होते, ते मी सांगितले. तिचे डोळे भरले. "पण बापूच्या पाटावर चप्पल घालून कशी उभी राहू?"

"तुझा बापू चप्पल घालूनच उभा राहायचा, बाळ. तो पाट पूजेचा नव्हे."

सुमनने फोटो उचलून छातीशी धरला, पदराने कुंकू पुसले, पाट माइकसमोर सरकवला. "घाल चप्पल. उभी राहा."

पाटावर उत्तमच्या रबरी चपलांच्या काळ्या खुणा होत्या. रेणुकाची पावले त्यांच्या आत मावली, भोवती जागा उरली. तिने तारांवर बोटे ठेवली, माझ्याकडे पाहून मान हलवली.

मी बटण दाबले, आणि गाणे संपेपर्यंत बोट तिथून काढले नाही.