एकदाच सांगा

काळजी करायला चंद्रमौळी रावांना कारण लागत नसे. कुलूप लावून जिना उतरले की ते ओढून बघायला पुन्हा वर. ऑटोत बसले की आधी पत्ता सांगायचे, मग खूण सांगायची, मग पुन्हा पत्ता. "पुरिंजुदु सार, समजलं सार," असं तमिळ ऑटोवाला दमून म्हणे, तेव्हा रावांना वाटे, हा इतक्या लवकर समजला म्हणजे नक्की चुकणार.

अशा माणसाला अण्णा नगरातल्या एका खाजगी इस्पितळाने काम काय द्यावं? तर आख्ख्या इस्पितळाची माहिती इकडून तिकडे कशी वाहील, त्याचा आराखडा आखायचं. दारावर पाटी 'एंटरप्राइज आर्किटेक्ट'. त्यांच्या आईला, त्रिपुरसुंदरीबाईंना, आर्किटेक्ट म्हणजे घरं बांधणारा एवढंच ठाऊक. आपल्या तंजावरी हेलात त्या विचारायच्या, "इतकी वर्षं आफीस जातोस, एक भिंत तरी उभी केलास की?"

भिंत पाडायचंच तर काम होतं. वॉर्ड, प्रयोगशाळा, औषधाचा काउंटर, बिलाची खिडकी, प्रत्येकाचा संगणक निराळा आणि कुणाचं कुणाशी बोलणं नाही. पेशंटने आपलं दुखणं दारोदार सांगत फिरायचं. रावांनी चौकोन काढले, बाण काढले, आणि साऱ्या बाणांच्या मधोमध एक चौकोन ठेवला: एक माणूस, एक नोंद. एका ठिकाणी सांगितलं की सगळीकडे दिसलं पाहिजे. मजल्यामजल्यावर फलक लागले, 'एकदाच सांगा'. नर्सांना ताकीद मिळाली की पडद्यावर आहे ते पुन्हा विचारून पेशंटचं डोकं खायचं नाही.

पण आलेला माणूस तोच, हे ओळखायचं कसं? जन्मतारखेचा भरवसा नव्हता. ज्या म्हाताऱ्यांना ती ठाऊक नाही, त्यांना काउंटरवरच्या मुलींनी सरसकट एक जानेवारी देऊन टाकलेली. शेवटी रावांनी नियम केला: नाव, पत्ता, मोबाइल जुळले की माणूस एकच; आणि दोन नोंदींत फरक पडला तर शेवटची खरी. हा नियम त्यांना जेवताना आठवे आणि घास तोंडात फिरे.

"मौळी सार," त्यांच्या साहेबीणबाई लावण्या मॅडम हातातलं घड्याळ बोटाने ठोकत म्हणाल्या होत्या, "इतकी काळजी करत बसलात तर उद्घाटनाला माझी नात येईल!"

उद्घाटन झालं. त्याच आठवड्यात आईचा पाय सुजून लालभडक झाला आणि तिला वरच्या मजल्यावर दाखल केलं. सोबतीला बायको, श्रीरंजनी. राव खाली मीटिंगच्या खोलीत. डायरेक्टर मंडळींना आराखडा दाखवायचा होता, पडद्यावर बाण सरकत होते, आणि खिशात फोन थरथरला.

"अहो, ऐका तर गंमत!" सासूला अत्ते म्हणणाऱ्या श्रीरंजनीला हसू आवरत नव्हतं. "इथली सिस्टर अत्तेंना विचारते, पाटी, म्हणजे आजी, कुठल्या कॉलेजात शिकता म्हणून! पडद्यावर विद्यार्थिनी असं आलंय म्हणे. अत्ते म्हणतात, होय की, पहिल्या वर्षाला आहे, हॉस्टेल मिळेल का विचार!"

मागून आईचा खोकत हसण्याचा आवाज आला. राव मात्र खुर्चीवरून उठले.

थोरल्या नातीला आजीचं नाव ठेवायचं ही घरची रीत. सासूचं नाव सुनेने तोंडातून काढायचं नाही, हीसुद्धा रीतच. म्हणून त्रिपुरसुंदरीबाईंची नात, रावांची लेक, कागदोपत्री त्रिपुरसुंदरी आणि घरात हरिणी. हरिणी, हरिणी म्हणता म्हणता बापसुद्धा तिचं खरं नाव विसरून गेलेला. पत्ता एक. इस्पितळात लिहून दिलेला मोबाइल नंबर सगळ्या घराचा एकच, रावांचा, कारण दुसऱ्या कुणाच्या हाती निरोप पडला तर तो वाचला जाईल याची त्यांना खात्री नसे. आणि कालच हरिणी कॉलेजच्या तपासणीसाठी इथेच येऊन गेली होती. तिच्या नोंदीत ॲलर्जी? नाही.

शेवटची नोंद खरी.

"रंजनी, इंजेक्शन दिलं का?"

"आत्ता भरतेय सिस्टर. का हो?"

"थांबव! आईला पेनिसिलिन चालत नाही!"

"ते तुमच्या कंप्युटरात आहे की! तुम्हीच म्हणालात, एकदा सांगितलं की पुरे. म्हणून मी गप्प..."

"त्यात नाही! पुसलं गेलंय! थांबव!"

पलीकडे स्टूल पडल्याचा आवाज, मग श्रीरंजनीची तमिळ किंकाळी, "सिस्टर! वेंडाम! नको, नको!" आणि फोन बंद.

राव धावले. लिफ्ट कुठल्यातरी मजल्यावर रेंगाळत होती, म्हणून जिना. प्रत्येक वळणावर तोच फलक, 'एकदाच सांगा', 'एकदाच सांगा', आणि खाली हसणाऱ्या बाईचं चित्र. आईला लहानपणी ते औषध दिलं होतं तेव्हा घसा कसा मिटला होता, ही गोष्ट ती दर सणाला सांगायची. किती वेळा तेच ते, म्हणून राव कंटाळायचे.

वॉर्डात नर्स विद्यालक्ष्मी ट्रे छातीशी धरून उभी होती. सिरिंज भरलेली, तशीच. श्रीरंजनी सासूच्या दंडावर आडवी पडलेली.

"पडद्यावर काहीच नव्हतं, सार," विद्यालक्ष्मी म्हणाली. "आणि विचारायचं नाही म्हणून सांगितलंय."

"मीच सांगितलंय," राव म्हणाले.

लावण्या मॅडम मागोमाग धापा टाकत आल्या. "मौळी सार, डायरेक्टर बसलेत. काय झालं?"

"मॅडम, जुळणी बंद करायची. आत्ता. या गावात आजीचं नाव लावणाऱ्या नाती काय माझ्याच घरात आहेत? आणि एका फोनवर अख्खं घर चालतं ते निराळंच."

"त्यांना काय सांगू मी?"

"माझा नियम चुकला म्हणून सांगा. नाहीतर मी सांगतो."

मॅडमनी सिरिंजकडे बघितलं. घड्याळ काही ठोकलं नाही. तिथूनच फोन लावला, "बंद करा. हो, तिन्ही मजले."

राव आईच्या उशाशी टेकले. "आई, तुला कुठलं औषध चालत नाही?"

"हे काय रे? तुला ठाऊक नाही की?"

"ठाऊक आहे. तरी सांग. या सिस्टरला सांग."

आईने खुशीत पदर सारखा केला. "बस गं पोरी. मी सहा वर्षांची होते बघ, तेव्हा..."

विद्यालक्ष्मीने ट्रे खाली ठेवला आणि बसली. राव पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकत राहिले, आणि संपल्यावर म्हणाले, "आता एकदा परत सांग."